चार कड्या कमी

चेन ढिली दिसली की माझा हात शिवशिवतो. वीस वर्षं मी मळणी यंत्रं आणि पेरणी यंत्रं दुरुस्त करतोय. परभणीजवळच्या झरी गावात माझं शेड आहे आणि सोयाबीन निघालं की मला जेवायला सवड मिळत नाही. या धंद्यातलं पहिलं शहाणपण म्हणजे चेन ताणून बसवायची. पेरणी यंत्राची चेन लोंबली की ती दाते चुकवते आणि बी पडायचं थांबतं. शेतकऱ्याला ते कळतं दहा-बारा दिवसांनी, तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, रोपंच दिसत नाहीत तेव्हा. मग तो मला शोधत येतो, आणि तो काही चहा प्यायला येत नाही. म्हणून चेन लोंबली की मी दोन कड्या काढतो आणि मोकळा होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे.

बायको लग्नाआधी सायकलच्या शर्यतीत राज्यापर्यंत जाऊन आली होती. लग्न झालं, मुलगी झाली, आणि तिची ती बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल सहा वर्षं आमच्या पत्र्याच्या खोलीत पोत्याखाली उभी राहिली. सायकल चालवू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. चालव असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात एवढं पुरतं. मुलगी शाळेत जायला लागली आणि एका सकाळी मी उठलो तर पोतं घडी करून ठेवलेलं आणि सायकल गायब. साडेसातला ती घामाघूम होऊन परत आली, परभणीपर्यंत जाऊन. मी चहा पीत होतो.

"रोज जाईन म्हनते," ती म्हणाली.

"जा की," मी म्हटलं. त्या दोन शब्दांचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता.

दोन वर्षं ती रोज गेली. गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याची निवड शर्यत जाहीर झाली. बायकांमधल्या पहिल्या दोघी राज्याच्या शर्यतीला जाणार होत्या. तिला त्या दोघींत यायचं होतं. हे तिनं एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, इतक्या साध्या आवाजात की मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं. ती एकतीस वर्षांची झाली होती. पुढच्या वर्षी पायांत हाच जोर राहील की नाही, हे ती बोलली नाही, पण तव्याकडे बघताना तिच्या मनात तेच चाललं होतं.

शर्यत होती गंगाखेडच्या पलीकडे. आधी बारा किलोमीटर सपाट, मग डोंगराचा चढ, वर वळसा घालून त्याच रस्त्यानं परत. अडचण चढाची होती. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, बाकी सगळी काळी जमीन ताटासारखी. तिच्या मागच्या चाकावरच्या दहा चकत्यांचा जुडगा, ज्याला कॅसेट म्हणतात, तो सपाटीचाच होता. त्यातली सगळ्यात मोठी चकती पंचवीस दात्यांची. मागची चकती जितकी मोठी, तितकं पायडल हलकं, हे यंत्रवाल्याला सांगावं लागत नाही.

"पंचवीसवर चढले तर निम्म्यात पाय भरून येतील," ती म्हणाली. "बत्तीसची पायजे."

"आणू की. त्यात काय."

"आवो, कुठलीबी चालत न्हाई." तिनं पिठाचा हात वर करून बोटं मोजली. "दहा चकत्यांचीच पायजे, हँडलवरचा खटका दहाच मोजतोय. अकराची आणली तर एकबी गिअर नीट पडणार न्हाई. दुसरं, चाकाच्या नळीवर ज्या खाचा हायत, त्याच खाचा तिच्यात पायजेत. तिसरं, चेन उचलून या चकतीवरनं त्या चकतीवर ठेवतो तो हात, डिरेलर, त्याला बत्तीस झेपते का ते बघायचं. आन् कॅसेट बदलली की चेनची लांबी परत मोजायची, ते नीट ऐका."

पहिल्या तीन गोष्टी मी कान देऊन ऐकल्या. चौथीला मी मान डोलावली. चेनीबद्दल मला कुणी शिकवायचं म्हणजे कोळ्याला पोहणं शिकवण्यासारखं होतं.

तोवर तिनं मला त्या सायकलला हात लावू दिला नव्हता. पंक्चरसुद्धा ती स्वतः काढायची. मीच म्हटलं, या वेळी सगळं मी बघतो, तू फक्त पाय मार. तिनं सायकलीच्या सीटवरची धूळ पुसली. मग "बरं" म्हणाली. परभणीतल्या दुकानांत असला माल मिळत नाही, म्हणून मोबाईलवरून मागवली. आठ दिवसांनी खोकं आलं. ती शेडात आली, चकत्या मोजल्या, परत मोजल्या, आणि खोकं बंद करून माझ्या हातात दिलं. अकरा होत्या. मी दहाचीच मागवली होती, हे मी तिला तीनदा दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं चुकलं कोण म्हनतंय?" शर्यतीला पंधरा दिवस उरले होते.

परत पाठवली, दुसरी मागवली. मध्ये डिरेलरचं बघायचं होतं. नांदेडच्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं की त्याच्या मागच्या अंगाला आकडा कोरलेला असतो तो वाचा. मी जुन्या ब्रशनं तिथली चिखलमाती काढून आकडा वाचला. तो म्हणाला, लांब पायाचा आहे, बत्तीस झेपेल. त्या फोननंतर मला वाटलं, आता राहिलंच काय.

शर्यतीला सहा दिवस असताना बरोबर माल आला, नव्या चेनीसकट. मी सायकल लिंबाच्या फांदीला दोरीनं टांगली, जुना जुडगा उतरवला, नवा चढवला. खाचा अशा बसल्या की कट्ट आवाज आला. नवी चेन कंपनीतून लांबच येते, ती आपल्या सायकलच्या मापाची कापून घ्यायची असते. मी पुढच्या, पायडलजवळच्या दोन चकत्यांतली छोटी आणि मागची सगळ्यात छोटी चकती लावून चेन घातली आणि बघितलं तर चेन लोंबत होती. ओल्या लुगड्यासारखी. माझा हात आपोआप अवजाराकडे गेला. दोन कड्या काढल्या. अजून जरा ढिली वाटली. आणखी दोन काढल्या, मग आणखी दोन, आणि चेन पेरणी यंत्रावर बसावी तशी बसली. पुढची छोटीच ठेवून मागच्या दहाच्या दहा चकत्यांवर चेन फिरवून बघितली. लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. पुढची मोठी लावून बघायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही हेही खरं नाही. गरज वाटली नाही.

संध्याकाळी तिनं पायडल फिरवून बघितलं. "छान बसवलाव," म्हणाली. माझी आई ओसरीवरून म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा असतोय, नीट बघून घे गं." आई माझ्या प्रत्येक कामाला हेच म्हणते, म्हणून आम्ही दोघं हसलो.

शर्यतीच्या सकाळी थंडी बोचरी होती. सायकल शेडच्या टेम्पोत टाकून आम्ही अंधारातच निघालो. गोदावरीच्या पुलावर धुकं होतं. मी दोनदा काहीतरी विनोद केला, तिनं दोन्ही वेळा "हं" केलं. मैदानात आठ बायका होत्या. एकीमागून एक, दोन-दोन मिनिटांनी सोडणार आणि घड्याळावर नंबर लावणार. शिट्टीवाल्यानं नियम वाचून दाखवले. वाटेत कुणी थांबवलं, सायकलला हात लावला किंवा मागे गाडी घातली, तर खेळाडू बाद. माझी बायको तिसरी सुटली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पुढच्या रस्त्याकडे बघितलं, आणि मला ते आवडलं.

आता मला काम उरलं नव्हतं. काम नसलेला मिस्त्री दुसऱ्याच्या यंत्रात नाक खुपसतो. शेजारी जिंतूरकडचे एक निवृत्त मास्तर उभे होते. त्यांची मुलगी सातवी सुटणार होती आणि तिची सायकल स्टँडवर होती. तिची चेन मी बघितली आणि मला राहवलं नाही.

"मास्तर, चेन लोंबायली," मी म्हटलं. "चार कड्या काढा. पोरीचा जोर वाया जायलाय."

मास्तर हसले. "कुठं काम करता?"

"मळणी यंत्रं."

"तरीच." ते खाली वाकले. त्यांनी मागचं चाक उचललं, पुढची मोठी चकती लावली आणि मागचीही सगळ्यात मोठी लावली. लोंबणारी चेन एकदम ताणली गेली आणि डिरेलरचा हात पुढे ओढला जाऊन सरळ झाला. "ही ढील हिथं लागती," ते म्हणाले. "आता यातनं चार कड्या काढल्या, तर सांगा, हा हात कुठं जाईल?"

मी त्या हातावर बोट टेकवून बघितलं.

"मोडून चाकात जाईल," तेच म्हणाले. "चाक जागच्या जागी थांबतंय आन् वरचं माणूस तोंडावर पडतंय. म्हणून माप घेताना मोठीवर मोठी टाकून घ्यायचं असतंय."

"पण मोठीवर मोठी लावतं कोण?"

"चढ सुरू झाला की सगळेच. पुढची बदलायचं ध्यान राहत न्हाई. पाय जड झाले की मागची एक-एक वाढवत जायलेत."

मी किती कड्या काढल्या ते आठवायला लागलो. सहा. त्यातल्या दोन फार तर बरोबर. तिला सुटून चार मिनिटं झाली होती. तिच्याजवळ फोन नव्हता. मी शिट्टीवाल्याकडे गेलो, एका खेळाडूला निरोप द्यायचाय म्हटलं. तो म्हणाला, "निरोप? थांबवलं की बाद." मी विचारलं, नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडलं तर? तो म्हणाला, ओरडायला कुणाला बंदी आहे.

त्या डोंगराखालच्या गावात मी चार हंगाम मळणीच्या कामाला गेलो होतो. तिथं जाणारी पांदण मला माहीत होती. रस्त्यानं बारा किलोमीटर, पांदणीनं सात. टेम्पो घातला. पांदण म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, दोन्ही बाजूंनी डोक्याएवढा ऊस. पुढचं काही दिसत नव्हतं. मी स्वतःशी मोठ्यानं बोलत होतो. ती पडली तर काय? हात मोडेल, खांद्याचं हाड मोडेल, तोंडावर पडेल. मुलीला काय सांगायचं? आणि तिला काय सांगायचं, हे तर मी मनात आणूच दिलं नाही.

किलोमीटरभर उरलं असताना पुढे उसाची बैलगाडी आली. गाडी वाढ्यांनी, उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, भरलेली, चाकोरी तिच्याच मापाची. गाडीवान खाली उतरून बैलांना पाणी दाखवत होता. मी हॉर्न दिला. तो शांतपणे म्हणाला, "कुठं घालू? उसात घालू का?" त्याचं बरोबर होतं. टेम्पो तिथंच सोडून मी पळत सुटलो. चप्पल एका ठिकाणी चिखलात राहिली. पंचेचाळिशीचा माणूस उसाच्या पाचटावरून अनवाणी पळतो तेव्हा पायाची काय गत होते ते दुसऱ्या दिवशी कळतं, त्या वेळी काही कळत नाही. मी एकच ठरवत होतो. नुसतं ओरडायचं की आडवं व्हायचं. ओरडलेलं तिला ऐकू गेलं नाही तर? आडवा झालो तर ती बाद. दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी बाद. डांबरी रस्ता दिसला तोवर माझं ठरलं होतं. शर्यत गेली तरी चालेल, आडवं व्हायचं.

चढ सुरू होतो तिथं एक वळण आहे. झेंडा घेतलेला एक माणूस तिथं उभा होता. मी पोचलो तेव्हा दोन नंबरची बाई चढाला लागत होती. पुढे मोठी चकती, मागे एक-एक वाढवत, कमरेतून हलत. मास्तर म्हणाले होते अगदी तसंच. मग रस्ता रिकामा झाला. मी मधोमध उभा राहिलो. झेंडेवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा." मी झालो नाही.

ती दिसली. लांबून आधी लाल टोपी, मग खांदे. मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "मोठीवर मोठी लावू नको! चेन आखूड हाय!" तिनं मान वर केली. मला वाटलं, आता ती ब्रेक लावेल. तिनं डोकं हलवलं, हातानं "सरका" अशी खूण केली, आणि झेंडेवाल्यानं मला दंडाला धरून ओढलं. ती माझ्या अंगावरून वारा जावा तशी गेली. पाय भराभर फिरत होते, पायांत अंतरच दिसत नव्हतं. चेन पुढच्या छोट्या चकतीवर होती. मी मटकन रस्त्याकडेला बसलो. ऐकलं तिनं, ऐकलं, असं मी झेंडेवाल्याला सांगत होतो आणि तो म्हणत होता, बरं झालं, पाणी प्या.

जरा वेळानं डोकं ठिकाणावर आलं तेव्हा एक गोष्ट खटकली. मी ओरडलो त्याच्या आधीच चेन छोटीवर होती. ती लांब सपाटीवर होती तेव्हापासूनच. बाकीच्या बायका त्या सपाटीवर मोठ्या चकतीनं सुसाट येत होत्या आणि ती तिथं नुसते पाय फिरवत होती.

ती तिसरी आली. दुसरीच्या आणि तिच्यामध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच सेकंद होते. मास्तरांची मुलगी दुसरी. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली, भला माणूस.

टेम्पो मी परत आणला होता. मैदानाच्या कडेला बाभळीखाली आम्ही सतरंजी टाकून बसलो. तिच्या चेहऱ्यावर मीठ वाळलं होतं. मी विचारलं, "मी वरडलेलं ऐकू आलं ना?"

"आलं. पण मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"चेन आखूड हाय ते. परवा तुमी शेडात होता तवा हातानं फिरवून बघितली. मोठीवर मोठी टाकली की अडकायली. म्हनलं, चढाच्या आधीच पुढची बारीक करून घ्यायची, म्हंजे चुकून सुदिक तिकडं जाणार न्हाई."

"मग सांगायचं की मला." माझा आवाज चढला. "काढलेल्या कड्या तिथंच डब्यात पडल्यात. दहा मिनिटांचं काम होतं."

तिनं पाण्याची बाटली बाजूला ठेवली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतं तर तुमी चार दिवस जेवला नसता," ती म्हणाली. "तोंड फुगवून शेडातच पडून राहिला असता. पोरगी मला इचारणार, आई मला इचारणार, पप्पा कामून बोलंनात. मला शर्यतीच्या आधी घर शांत पायजे होतं. म्हनलं, दोन गिअर कमी चालतील."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. कानशिलं तापली, आणि इथून उठावं, टेम्पोत जाऊन बसावं, घरापर्यंत एक शब्द बोलू नये, असं वाटलं. म्हणजे ती जे म्हणाली तेच माझ्या अंगात त्या क्षणी सुरू झालं होतं. मला माझी लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. तिनं एका पारड्यात दोन गिअर घातले होते आणि दुसऱ्यात मला, आणि मी जड भरलो होतो. माझ्या फुगलेल्या तोंडाला भिऊन ती मोडू शकणाऱ्या सायकलवर बसली होती.

तिनं डबा उघडला. पहाटे तिनंच केलेले धपाटे होते आणि शेंगदाण्याची चटणी. दोन धपाटे कागदावर काढून तिनं माझ्यासमोर सरकवले. स्वतः घेतले नाहीत. पहाटेपासून दोन केळ्यांवर होती ती, डोंगर चढून उतरली होती, आणि हात मांडीवर ठेवून ती माझ्या हाताकडे बघत होती.

मी धपाटा मोडला. चटणीला लावून घास तोंडात घातला. तो तोंडातल्या तोंडात फिरत राहिला, शेवटी पाण्याबरोबर गिळला.

"चेन मी चुकीची कापली," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली.

मी दुसरा घास मोडला. मग तिनं डब्यातून स्वतःसाठी धपाटा काढून घेतला.